आण्णांच्या ताब्यातला सर्व्हर

धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी पाचव्या महिन्यात झोपवून ठेवलं. आधीची दोन बाळं चौथ्या-पाचव्या महिन्यातच गेली होती. या खेपेला त्यांनी गर्भपिशवीला टाका घातला आणि बजावलं, नववा लागेपर्यंत अंथरूण सोडायचं नाही. न्हाणीपर्यंत जायचं, तेही कुणाचा तरी हात धरून. आम्ही तिला माहेरी आणलं. आमचं गाव तेरपासून पाच-सहा किलोमीटरवर. मधल्या खोलीत तिचा पलंग टाकला आणि पायाकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा सारल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. विटा आण्णांनी स्वतः निवडल्या. पलंग एका अंगाला कलत तर नाही ना, हे बघायला त्यांनी गादीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली. आण्णा म्हणजे आमचे वडील. ते कुठलंही काम असंच करतात, आणि मग ते दुसऱ्या कुणाला करूच देत नाहीत.

ही बहीण रोपवाटिकेत नोकरीला. दिवसभर उन्हात पायी फिरायचं आणि मजुरांशी मोठ्या आवाजात बोलायचं, हा तिचा स्वभाव. पहिले पंधरा दिवस तिनं पलंगावरूनच घर चालवलं. आईला भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा आतून ओरडून सांगायची. मग हळूहळू आवाज बंद झाला. आई फोनवर म्हणायची, "नुस्ती पंख्याकडं बघत पडती. इचारलं तर म्हणती, काय न्हाय." मला मात्र तिचे दिवसाला पाच-सहा फोन यायचे. प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य एकच, "अक्का, सकाळपासून हललं न्हाय गं." मी काही बोलायच्या आत पलीकडून, "थांब, थांब, हललं," आणि फोन बंद. भीती आम्हालाही वाटत होती, मला तर फार. पण आम्हाला पळून जायला नोकऱ्या होत्या आणि तिला फक्त पंखा होता.

मी धाराशिवला एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत आहे. गावाला वाटतं, मी मुलांना संगणक शिकवते. खरं काम म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढणं आणि हजेरीचं अंगठ्याचं यंत्र रुसलं की त्याला थोपटणं. त्या प्रयोगशाळेत मुलं चोरून एक खेळ खेळताना मी रोज पकडते. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. त्यात माती खणायची, लाकूड तोडायचं, घर बांधायचं, शेत करायचं, आणि चार जणांनी आपापल्या घरून एकाच जगात फिरायचं. एक दिवस एका पोराला रागावता रागावता त्याच्या पडद्याकडं बघत उभी राहिले. त्याचा ठोकळ्यांचा माणूस भराभरा एक डोंगर चढत होता. मला बहीण आठवली. तिला ओसरीपर्यंत जायची बंदी होती.

आमचा भाऊ पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत. त्याला विचारलं तर म्हणाला, "अक्का, एकदम सोपं आहे. इंटरनेटवर एक मशीन भाड्यानं घ्यायचं, त्यावर खेळ बसवायचा, झालं. अर्ध्या तासाचं काम. तूच करून टाक." जे काम अर्ध्या तासाचं असतं ते हा नेहमी मलाच देतो.

त्या अर्ध्या तासाला मला दोन रविवार लागले. पहिल्याच पानावर विचारलं, मशीन कुठल्या शहरात हवंय? मी यादीतलं पहिलं नाव घेतलं. ते युरोपातलं निघालं. बहिणीचा खेळातला माणूस एक पाऊल पुढं टाकायचा आणि परत मागं यायचा. झाडावर कुऱ्हाड मारली की झाड पडेपर्यंत चहा होऊन जायचा. बहीण म्हणाली, "अक्का, हितं तर माझ्यापेक्षा जास्त बेडरेस्ट हाय." मग मुंबई निवडली.

मुंबईचं मशीन सुरूच होईना. रविवारची सकाळ गेली, दुपार गेली. शेवटी कळलं की एका फाईलमध्ये, अटी मान्य आहेत का, या प्रश्नापुढं 'फॉल्स' लिहिलेलं असतं आणि तिथं आपण 'ट्रू' लिहायचं असतं. एवढंच. तेवढं लिहिल्यावर मशीन गुपचूप सुरू झालं. मग भाऊ पुण्यातून आत येईना, कारण आत यायचं दार मी उघडलंच नव्हतं. दार उघडलं तर ते सगळ्या दुनियेला उघडं राहिलं. तिसऱ्या दिवशी कोणी अनोळखी आत शिरला, बहिणीनं पेरलेला पहिला गहू कापला आणि निघून गेला. तिचा फोन आला तेव्हा आवाज असा चढलेला होता की मला आधी वेगळीच शंका आली. मागून आण्णा विचारत होते, "कोण व्हता? कुठल्या गावचा? नाव इचार त्याचं." मग मी आत येणाऱ्यांची यादी केली. यादीत तीनच नावं. यादीबाहेरच्याला दार बंद.

सगळ्यात आधी त्या जगासाठी एक आकडा द्यावा लागतो. आकडा बदलला की जमीन बदलते, डोंगर-नद्या बदलतात, आणि तोच आकडा पुन्हा दिला तर तीच जमीन पुन्हा उगवते. बहिणीला विचारलं, कुठला देऊ? तिनं आमच्या शेताचा गट नंबर सांगितला. त्या नंबराला डोंगराच्या कुशीतलं सपाट रान आणि शेजारून वाहणारी नदी निघाली. आण्णा बघून म्हणाले, "आपल्या गटाला नदी कवा लागली?" पण खूश दिसले. सर्व्हरला, म्हणजे त्या भाड्याच्या मशीनला, आम्ही नाव दिलं 'मळा'.

आता आई. आईला आधी वाटलं, पोटुशी बाई पडद्याकडं बघत बसली तर लेकराच्या डोळ्यांवर परिणाम होतो. तिला समजावता समजावता मी हात टेकले. शेवटी तिनं तोड काढली, "तीन ते पाच. त्याच्या वर एक मिनिट न्हाय. आन् बटन हिच्या हातात न्हाय द्यायचं." कॅनॉलच्या पाण्याची पाळी असते तशी पाळी ठरली. चालू ठेवू तेवढ्याच तासांचं भाडं लागायचं, त्यामुळं भावालाही हे पटलं. प्रश्न उरला, बटन कुणाच्या हातात? मी कॉलेजात, भाऊ कंपनीत. घरी होते ते आण्णाच.

त्यांना हे कसं समजवायचं, याची मी बसमध्ये तयारी करत गेले. ढग, म्हणजे क्लाउड, काय असतो, सर्व्हर म्हणजे काय, सगळी वाक्यं जुळवली. ओसरीत बसून मी सुरुवात केली, "आण्णा, बघा, मुंबईला एक मशीन आहे, ते आपलं नाही—" आण्णांनी मला तिथंच थांबवलं. "म्हंजे दुसऱ्याच्या हिरीवर आपली मोटार. भाडं भरायचं आन् फोनवरून चालू-बंद करायची. त्यात काय एवढं?"

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाईलचा स्टार्टर बसवून तीन वर्षं झाली होती, हे मी विसरलेच होते. आण्णा रोज घरातून त्या मोटारीला फोन लावतात. पलीकडून एक बाई शुद्ध मराठीत सांगते की वीज आहे, मोटार चालू करायला एक दाबा. आण्णा दाबतात. कॉलेजात ढगावर भाषण द्यायला बाहेरून पाहुणे येतात, टाळ्या वाजतात आणि मुलं काही न समजता घरी जातात. आमच्या घरात ज्याला ते आधीच येत होतं त्यालाच मी शिकवायला निघाले होते.

मी त्यांच्या फोनवर ते पान ठेवून दिलं. एक हिरवं बटन, चालू. शेजारी एक राखाडी, बंद. तीन वाजता हिरवं, पाच वाजता राखाडी. आण्णांनी दोनदा करून दाखवलं आणि विचारलं, "फेज-बीज बघायचं न्हाय?" मी म्हटलं, नाही. ते जरा नाराज झाले.

पुढचे दोन महिने, मी आजही सांगेन, आमच्या घरातले सुखाचे महिने होते. बरोबर तीनला आण्णा ओसरीतून ओरडायचे, "सोडलं बरं का!" आणि मधल्या खोलीत बहीण चालायला लागायची. मी कॉलेजात तीन ते पाच स्टॉक तपासते असं सांगून कोपऱ्यातल्या संगणकावर बसायचे. भाऊ त्या वेळात कुठल्याशा मीटिंगमध्ये असायचा, आणि मीटिंगमधून कोळसा खणायचा. बहिणीनं गहू केला, ऊस केला, कोंबड्या पाळल्या. नदी शेजारी असताना पायऱ्यांची विहीर खणली. का, तर विहिरीशिवाय मळा कसला. ती पलंगावर पडलेली आणि तिचा माणूस डोंगरावर उभा राहून सांगायचा, "अक्का, हितून समदं दिसतंय, वर ये." माझा माणूस धापा टाकत वर जायचा. तिचे फोन दिवसाला सहावरून दोनवर आले.

आण्णा पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि चुका काढायचे. गहू एवढा दाट पेरतात व्हय? दोन दिवसांत कणीस भरतं, हे बियाणं कोणत्या दुकानातलं? पाटात पाणी उभं आहे पण ओल चार ठोकळ्यांच्या पुढं जात नाही, म्हणजे खाली मुरूम असणार. गायीला शिंगं आहेत पण वशिंड नाही, म्हणजे जर्सीच. रानात गवत काढायला बाई लागत नाही हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. "दावत न्हाईत तुला," ते म्हणायचे, "असणार कुठंतरी." पाच वाजले की मात्र एक मिनिट सूट नाही. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर असली तरी बंद. बहीण चिडायची. आण्णा म्हणायचे, "पाळी म्हंजे पाळी."

त्या बुधवारी साडेपाचला मी कॉलेजातून निघाले. बसस्टँडवर फोन वाजला म्हणून पाहिला तर कंपनीचं इंग्रजी पत्र. आपल्या विनंतीनुसार 'मळा' हा सर्व्हर कायमचा काढून टाकण्यात आला आहे. आपण आमची सेवा वापरल्याबद्दल आभार. मी ते पत्र तीनदा वाचलं. मग आण्णांना फोन लावला.

"आण्णा, सर्व्हर बंद केला का?"

"केला की. पाचला. आज त्यांनी समदं नवीन केलंय, पान बदललंय. ते राखाडी कुठं दिसंना. मग खाली लांबलचक लाल व्हतं, ते दाबलं."

आमच्या जिल्ह्यात जेवढ्या विहिरी आहेत तेवढ्या स्टार्टरच्या पेट्या आहेत, आणि प्रत्येक पेटीवर दोनच बटनं असतात. हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. लाल दाबल्याशिवाय शेतातून घरी यायचं नाही, हे आण्णांनी आम्हाला अक्षरं शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

"मग त्यांनी काही विचारलं नाही?" मी विचारलं. असं कायमचं काही काढताना कंपनी सर्व्हरचं नाव लिहून मागते. चुकून हात लागून सगळं जाऊ नये म्हणून तेवढी आडकाठी असते.

"इचारलं की. नाव मागितलं. आधी म्या माझं लिव्हलं, वडलांच्या नावासकट, आधारवर हाय तसं. घेतलं न्हाय. मग म्हटलं, मळ्याचं मागत असतील. ते लिव्हलं आन् लगेच घेतलं." आवाजात समाधान होतं. पीकविमा म्हणू नका, शेतकरी नोंदणी म्हणू नका, केवायसी म्हणू नका, वर्षभर प्रत्येक पान त्यांना नाव विचारतं आणि ते लिहितात. न विचारणाऱ्या पानावरच त्यांचा विश्वास नसतो. "आता कुठं ह्या कंपनीला जिम्मेदारी कळली," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मग आण्णा म्हणाले, "तिला बोलू नको. ती उठून बसंल." आणि फोन ठेवला.

आता खरं सांगायचं तर चूक माझी होती. सर्व्हर घेतानाच त्या पानावर एक चौकोन होता, रोजची एक प्रत जपून ठेवायची का, त्यावर बरोबरची खूण करायची होती. मी केली नाही. कशाला उगाच, ठोकळेच तर आहेत, असं मला तेव्हा वाटलं होतं. भावानं हे ऐकलं आणि पुण्यातून मला अर्धा तास झापलं. अर्ध्या तासाचं काम त्यानं स्वतः केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बहिणीचा आठवा नुकताच लागला होता. डॉक्टर मागच्याच खेपेला म्हणाले होते, मनाला धक्का नको, रडणं-ओरडणं नको, टाक्यावर ताण यायला नको. दोन महिने ती ज्या रानात चालत होती ते रान गेलं, हे तिला कळलं तर ती नुसती रडून थांबणारी नव्हती. उठून बसणार, ओसरीत येणार, आण्णांचा फोन हातात घेणार. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, सांगायचं नाही.

गुरुवारी दुपारी मी तिला फोनवर सांगितलं की मुंबईत कंपनीची लाईट गेली आहे. धाराशिवमध्ये राहून लाईट गेली या वाक्यावर कोणी संशय घेतलेला मी ऐकलेला नाही. शुक्रवारी सांगितलं, तिथला ट्रान्सफॉर्मर, डीपी, जळाला. "मुंबईतबी डीपी असतो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मोठा असतो. आईला खोटं बोलता येत नाही, त्यामुळं तीन वाजले की ती शेजारणीकडं निघून जायची आणि पाचला परत यायची. आण्णा बोलेनासे झाले. तीन वाजता ओसरीतून हाक येईना. आईनं सांगितलं, सकाळची भाकरी तशीच ठेवून रानात जातात, तिथं काम काहीच नाही, ज्वारी हुरड्यात आलेली आहे, नुसते बांधावर बसतात.

इकडं मी आणि भाऊ सकाळी सहाला उठून नवा सर्व्हर घेऊन बसलो. गट नंबर घातला आणि अगदी तीच जमीन उगवली. डोंगर तोच, नदी तीच, वळणं तीच. फक्त बहिणीनं केलेलं काहीही नाही. बघून मला रडू आलं, हे मी भावाला सांगितलं नाही. आमच्याकडं तिनं एकदा पाठवलेलं मळ्याचं एकच चित्र होतं. त्यावरून आम्ही सगळं पुन्हा बांधायला घेतलं, म्हणजे तिला काही कळणारच नाही. विहिरीला पायऱ्या एकवीस की तेवीस, यावर आम्ही दोघं भांडलो. गोठ्याचं तोंड कुठं होतं, यावर भांडलो. सात-आठ महिन्यांची गरोदर बाई झोपून जे दोन महिन्यांत करते ते दोन धडधाकट माणसांना तीन सकाळी मिळून जमत नाही, एवढं मला कळलं.

शनिवारी मी गावी गेले. वाटलं, बहिणीजवळ बसावं, तिचं लक्ष दुसरीकडं वळवावं. आत जाऊन पाहते तर ती बरी दिसत होती. मला म्हणाली, "अक्का, आण्णांकडं बघ जरा. चेहरा उतरलाय त्यांचा." मी म्हटलं, उन्हातान्हात फिरत असतील. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आण्णा रानातून आले, पायावर पाणी घेतलं आणि मधल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. टोपी काढून हातात धरलेली. आण्णांनी टोपी काढलेली मी फक्त देवळात पाहिली आहे, येरमाळ्याच्या देवीपुढं.

"म्या मोडला तुझा मळा," ते म्हणाले. "लाईट-बिट काय गेली न्हाय. ही समदी माझ्यापायी खोटं बोलायलीत. तू उठू नको. मला काय बोलायचं ते पडून बोल."

मी पलंगाच्या कडेशी सरकले, ती उठलीच तर खांदे धरता यावेत म्हणून. बहीण उठली नाही. तिनं आण्णांकडं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कसं काय झालं?"

आण्णांनी सगळं सांगितलं. फोन काढून बोटानं दाखवलं, राखाडी इथं असायचं, लाल इथं होतं. तिनं मध्येच विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मग नाव मागितलं." ती म्हणाली, "मग?" ते म्हणाले, "लिव्हलं." आई शेजारणीकडून येऊन माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आण्णा," बहीण म्हणाली, "लाल म्हंजे बंदच की. त्यांनी चुकीचा रंग दिला त्याला तुमी काय करणार?" मग माझ्याकडं वळून, "जमीन तीच हाय का दुसरी?" मी म्हटलं, तीच आहे, गट नंबर घातलाय. "मग झालं. पुन्हा पेरू. पण ह्या वक्ताला आण्णा पेरतील."

आण्णांनी टोपी डोक्यावर घातली आणि आत येऊन खुर्चीवर बसले. आईनं न विचारता भाकरी आणली. त्यांनी दोन खाल्ल्या.

मी आणि भावानं बांधलेली विहीर बहिणीनं पाहिली, गोठ्याचं तोंड भलत्याच दिशेला असल्याचं सांगितलं आणि दोन्ही पाडून टाकायला लावली. पुढचा दीड महिना तीन ते पाच आण्णा तिच्या उशाशी बसून पेरत होते. बोट जाड, ठोकळा बारीक, एक सरी धरायला अर्धी दुपार जायची. दोन ओळींत त्यांनी हट्टानं एक ठोकळा मोकळा सोडला, हवा खेळायला. खेळात हवा नसते हे भावानं त्यांना सांगून पाहिलं. गहू निम्मा झाला, पण सरळ रेषेत झाला. त्या चौकोनावर आता खूण होती, तरी रोजची प्रत जपली जाते की नाही, हे मी दिवसातून दोनदा पाहत होते.

नववा भरत आल्यावर डॉक्टरांनी टाका काढला, आणि आठवड्याभरात धाराशिवच्या दवाखान्यात मुलगी झाली. पावणेतीन किलोची. रडली ती अशी की दुसऱ्या खोलीतल्या बायका उठून बघायला आल्या. आण्णा बाहेर व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे देत होते. ओळखीच्याला एक, अनोळखी माणसाला दोन.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. बाळ तिच्या कुशीत झोपलेलं. ती म्हणाली, "अक्का, एक सांगते. आण्णांना बोलायचं न्हाय."

"नाही बोलत."

"मला पयल्याच दिवशी माहीत व्हतं. त्या बुधवारी पाचला आण्णांनी ओसरीतून इचारलं, बाई, मळा इंग्रजीत कसा लिव्हायचा? मला वाटलं, कुठला तरी फॉर्म भरायलेत. म्या सांगितलं, एम ए एल ए. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस मुंबईची लाईट गेली, तवा कळलं मला, मळा पुसला गेला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आण्णा जेवत नव्हते. आई तीन वाजले की गायब. तू रोज नवीन थाप मारायलीस, तीबी धड जमत नव्हती तुला. म्या आपली तुमच्याकडंच बघत व्हते. आज आण्णांनी भाकरी खाल्ली का, आई कुणाकडं गेली, अक्का आज काय सांगणार." तिनं बाळाच्या कपाळावरचे केस बोटानं मागं सारले. "शनिवारी तू आलीस, तवा ध्यानात आलं. तीन दिवस झाले, पोटात हलतंय का न्हाय ते म्या एकदाबी बघितलं नव्हतं. आन् हे आपलं हलतच व्हतं."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं. ते सारखंच होतं.